२७ मिनिटांची शांतता आणि ३२ पानांचा करार

शनिवारी दुपारी जेवण झालं की झोपायचं सोडून मी यूट्यूबवर जुनं काहीबाही उकरत बसतो. बायकोने त्यावर बोलणं आता सोडून दिलंय. तर गेल्या शनिवारी असंच उकरताना हाताला लागलं १९७६ सालचं एक चित्रण. फिलाडेल्फियातलं वॉलनट स्ट्रीट थिएटर, तारीख २३ सप्टेंबर. रंगमंचावर दोन पोडियम, त्यामागे दोन माणसं. एक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि दुसरे त्यांच्याविरुद्ध उभे असलेले जिमी कार्टर. डिबेट संपत आलेली. कार्टर बोलतायत, आणि बोलता बोलता आवाज गायब! ओठ हलतायत, ऐकू काहीच येत नाही.

प्रसारणाच्या साखळीत कुठेतरी एका अॅम्प्लिफायरमधला एक फुटकळ पार्ट उडाला होता. बॅकअप नव्हता. (कोट्यवधी लोक बघतायत आणि बॅकअप नाही! आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर सोमवारी सकाळी त्याची काय शोभा झाली असती, ते विचारू नका.) आवाज परत यायला २७ मिनिटं लागली. आणि या २७ मिनिटांत त्या दोघांनी काय केलं? काही नाही. आपापल्या पोडियममागे खांबासारखे उभे राहिले. एकमेकांजवळ गेले नाहीत, हात मिळवला नाही, समोरच्या प्रेक्षकांशी चार शब्द बोलले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी जिम लेहरर या पत्रकाराला मुलाखत देताना कार्टरनी कबूल केलं, की ती टेप बघून स्वतःचीच लाज वाटली, आम्ही दोघं रोबोसारखे उभे होतो.

आता आपल्याकडे सभेत लाइट गेली तर पुढारी काय करतो? घसा ताणून बोलतो. उलट लाइट गेल्याचंच भांडवल करतो, "हा बघा सरकारचा कारभार" म्हणून टाळ्या घेतो. मग आयुष्यभर सभा गाजवलेली ही दोन माणसं मुकी का उभी राहिली? मी ते चित्रण तीनदा बघितलं. मला वाटतं, दोघांच्याही मनात एकच हिशोब होता. आपण ठरल्याबाहेर काही केलं आणि ते अंगाशी आलं तर? त्यापेक्षा गप्प उभं राहिलेलं बरं. ही एकच भीती घेऊन अमेरिकेतल्या डिबेटचा सगळा इतिहास वाचायला घ्या, बरंचसं कोडं सुटत जातं. निदान माझं सुटलं. त्यात दोन वीकएंड गेले.

पहिला प्रश्न असा, की टीव्हीवर दाखवायची डिबेट थिएटरात कशाला? १९६० साली केनेडी आणि निक्सन यांची पहिली डिबेट शिकागोच्या स्टुडिओत झाली होती. मग १६ वर्षांनी स्टुडिओ सोडून नाटकाच्या थिएटरात जायचं कारण काय?

कारण कायदा. १९३४ च्या कम्युनिकेशन्स अॅक्टमध्ये ३१५ क्रमांकाचं एक कलम आहे. रेडिओवाल्याने (पुढे टीव्हीवाल्यानेही) एका उमेदवाराला वेळ दिला, तर त्याच पदाच्या बाकी सगळ्या उमेदवारांना तेवढीच संधी द्यायची. ऐकायला अगदी न्याय्य. पण अमेरिकेतसुद्धा राष्ट्राध्यक्षपदाला डझनावारी हौशे-नवशे-गवशे उभे असतात. शिकागोत लार डेली नावाचा एक गृहस्थ होता. अंकल सॅमचा पोशाख घालून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला उभा राहायचा आणि पडायचा. १९५९ साली महापौरपदाच्या निवडणुकीत याने तक्रार केली, की बातम्यांमध्ये महापौर दिसले, मला का दाखवलं नाही? आणि एफसीसीने, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, चक्क त्याच्या बाजूने निकाल दिला! बातमी दाखवायचीही चोरी झाली. मग संसदेने घाईघाईने कायदा दुरुस्त केला आणि बातम्या, मुलाखती, खऱ्याखुऱ्या घटनांचं वार्तांकन वगैरे गोष्टी त्यातून वगळल्या. डिबेट मात्र त्यात धरली जात नव्हती. म्हणून १९६० साली खास त्या एका निवडणुकीपुरतं कलम ३१५ बाजूला ठेवण्यात आलं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून एका रिलीजपुरता पॅच मारला.

१९६० च्या डिबेटबद्दल सगळ्यांना एवढंच माहीत असतं, की केनेडी देखणे दिसले, निक्सन घामाघूम झाले आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना मात्र निक्सन जिंकल्यासारखे वाटले. यातला रेडिओचा भाग जरा जपूनच घ्यावा. तो एका सर्वेक्षणावर उभा आहे आणि त्यात नुसतं रेडिओवर ऐकलेले लोक ३०० सुद्धा नव्हते. ते लोक मुळातच कोणाकडे झुकलेले होते हेही पाहायला हवं होतं. पण गोष्ट इतकी झकास आहे की ती मरत नाही. खरं तर निक्सन नुकतेच गुडघ्याच्या जंतुसंसर्गाने हॉस्पिटलात पडून आले होते, वजन उतरलं होतं, आणि मेकअप करायला त्यांनी नकार दिला होता. फिक्या रंगाचा सूट मागच्या फिक्या भिंतीत मिसळून गेला. बस्स.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. उमेदवारांनी एकमेकांनाच थेट प्रश्न विचारावेत, ही कल्पना तेव्हाही होती. तसा पायंडाही होता. १९४८ साली ऑरेगनमध्ये डूई आणि स्टॅसन या रिपब्लिकन पक्षातल्याच दोन इच्छुकांनी रेडिओवर एक तास वाद घातला होता, आणि विषय फक्त एक: कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी की नाही. एक तास, एक प्रश्न! त्याच्या ९० वर्षं आधी लिंकन आणि डग्लस सिनेटच्या जागेसाठी सात गावांत वाद घालत फिरले, तेव्हा पहिला माणूस ६० मिनिटं बोलायचा, दुसरा ९० मिनिटं, आणि मग पहिल्याला उत्तरासाठी परत ३०. मधे मॉडरेटर वगैरे कुणी नाही. १९६० साली मात्र मधे पत्रकार बसवले गेले. पत्रकार पाच विषयांवर दहा प्रश्न विचारणार, आपण पाठ केलेली उत्तरं म्हणणार. दोन्ही उमेदवारांना हेच सोयीचं होतं. आपल्या शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत इशाऱ्याची घंटा तरी समोरच्याचा मुद्दा खोडताना वाजायची. इथे खोडायचा प्रश्नच कमी.

असो. त्यानंतर १६ वर्षं डिबेटच नाही. १९६४ साली जॉन्सन इतके पुढे होते, की गोल्डवॉटरना स्वतःच्या शेजारी उभं करून मोठं करायची त्यांना गरज नव्हती, आणि कलम ३१५ पुन्हा बाजूला ठेवायचा प्रस्ताव संसदेतच बारगळला. १९६८ आणि १९७२ ला निक्सन. त्यांचं काय विचारता, दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणार! म्हणजे बघा, कायद्याची अडचण होती हे खरं, पण पुढे असलेल्या उमेदवाराला ती अडचण मनापासून हवी होती.

१९७५ साली एफसीसीने वाट काढली. डिबेट टीव्हीवाल्यांनी भरवली नाही, दुसऱ्याच कुणी भरवली आणि टीव्हीने ती फक्त टिपली, तर ती 'घटना' मानायची. मग लार डेलीसारख्या सगळ्यांना वेळ द्यायची गरज नाही. हा 'दुसरा कुणी' म्हणून पुढे आली लीग ऑफ विमेन व्होटर्स. १९२० साली, म्हणजे अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाला त्याच वर्षी स्थापन झालेली संस्था. कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, मतदाराला माहिती द्यायची, हे तिचं काम. फोर्ड तेव्हा जनमत चाचण्यांत बरेच मागे होते, म्हणून त्यांनी स्वतःच कार्टरना आव्हान दिलं. खुर्चीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष डिबेटला उभा राहण्याची ती पहिलीच वेळ.

तर थिएटर त्यासाठी. कायद्याच्या नजरेत ती टीव्हीची डिबेट नव्हतीच. बायकांच्या एका संस्थेचा थिएटरात कार्यक्रम चाललाय आणि टीव्हीवाले योगायोगाने तिथे कॅमेरे घेऊन आलेत! असं असेल तर टीव्हीचा आवाज गेल्यावर कार्यक्रम चालू राहायला हवा होता, नाही का? समोर माणसं बसलेली होती. पण तो थांबला. २७ मिनिटं ते ढोंग उघडं पडून राहिलं आणि त्याकडे बघत कोट्यवधी लोक बसले होते.

ढोंग असलं तरी लीगने काम मात्र इमानाने केलं असं माझं मत आहे. १९८० साली जॉन अँडरसन हा तिसरा उमेदवार अपक्ष उभा होता. लीगने अट घातली, चाचण्यांत १५ टक्के असतील तर बोलवू. सप्टेंबरमध्ये अँडरसन त्यात बसले. कार्टर म्हणाले, अँडरसन असतील तर मी येणार नाही. ते आता राष्ट्राध्यक्ष होते, म्हणजे चार वर्षांपूर्वी आव्हान स्वीकारणारा माणूस आता आव्हान टाळणारा झाला होता. लीग मागे हटली नाही. २१ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये रेगन आणि अँडरसन यांची डिबेट झाली, राष्ट्राध्यक्षांविना. पुढे अँडरसन चाचण्यांत घसरले आणि २८ ऑक्टोबरला, मतदानाच्या अवघा एक आठवडा आधी, कार्टर-रेगन समोरासमोर आले. ती डिबेट सुमारे ८ कोटी लोकांनी पाहिली, आणि त्यात कार्टरचं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

राजकीय पक्षांनी यातून धडा घेतला. असली यजमानीण परवडणारी नाही.

१९८४ साली प्रश्न विचारणारे पत्रकार कोण असावेत यावर दोन्ही प्रचारयंत्रणांना नकाराधिकार होता. लीगने सुमारे शंभर नावं पुढे केली आणि त्यातून दोघांना मान्य होतील अशी नावं निघाली फक्त तीन. हवे होते चार. सूत्रसंचालक बार्बरा वॉल्टर्सनी डिबेटच्या सुरुवातीलाच, थेट प्रसारणात, हे सांगून खेद व्यक्त केला. १९८७ साली रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष फ्रँक फॅरनकॉफ आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष पॉल कर्क यांनी मिळून स्वतंत्र संस्था काढली, कमिशन ऑन प्रेसिडेन्शियल डिबेट्स. एरवी ही दोन माणसं कधी कशावर एकमत होणार नाहीत, पण या बाबतीत झालं.

१९८८ ला थोरले बुश आणि डुकाकिस यांच्या माणसांनी बंद दाराआड बसून १६ पानांचा करार केला आणि तो लीगच्या हातात ठेवला. प्रश्न विचारणारे कोण, सभागृहात प्रेक्षक कोण, पत्रकारांना कुठपर्यंत येऊ द्यायचं, सगळं त्यात ठरलेलं. चर्चा नाही, घ्यायचं तर घ्या. ३ ऑक्टोबर १९८८ रोजी लीगच्या अध्यक्ष नॅन्सी न्यूमन यांनी जाहीर केलं, की आम्ही यातून बाहेर पडतोय, कारण या अटींवर डिबेट भरवणं म्हणजे अमेरिकन मतदाराची फसवणूक आहे आणि त्यात आम्ही सामील होणार नाही. डिबेट व्हायला दहा दिवस उरले होते. ती झालीच, वेळेवर झाली, कमिशनने भरवली.

हे वाचताना मला माझ्याच कामातला एक प्रसंग आठवला. नाव-गाव सांगत नाही. एका क्लायंटने दोन व्हेंडरना डेमोसाठी बोलावलं होतं, त्यातले एक आम्ही. क्लायंटला अजेंडा करायला वेळ नव्हता, म्हणून त्याने दोघांनाच सांगितलं की मिळून ठरवा. एरवी आम्ही एकमेकांच्या जिवावर उठलेले. पण त्या कॉन्फरन्स कॉलवर अर्ध्या तासात अजेंडा तयार झाला आणि त्यात लोड टेस्ट नव्हती. कुणी काढून टाकली नाही, कुणी तो शब्दच उच्चारला नाही. दोघांच्याही सिस्टिमला लोड झेपत नव्हता! सौदा आम्हाला मिळाला. गो-लाइव्हच्या दिवशी काय झालं ते मी आजही दोन पेग झाल्याशिवाय सांगत नाही.

करार १६ पानांवर थांबला नाही. २००४ साली मी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. एडिसनला चौघांत मिळून एक अपार्टमेंट, एक जुना टीव्ही, आणि गुरुवारी भात लावायची पाळी माझी. ३० सप्टेंबरचा तो गुरुवार. धाकटे बुश आणि जॉन केरी. आम्हा चौघांपैकी एकालाही तिथे मत नव्हतं, पण इराकचं युद्ध चालू होतं आणि आउटसोर्सिंगवर केरी रोज काहीतरी बोलायचे, म्हणजे विषय आमच्या पोटापर्यंत आलेला. ताटं मांडीवर घेऊन बसलो. केरी बोलत असताना पडद्यावर बाजूला बुश दिसायचे, ओठ मुडपलेले, वैतागलेले. नागपूरचा रूममेट म्हणाला, "हा तर माझ्या काकासारखा बसलाय बे, लग्नात पंगत उशिरा मिळाल्यावर!" आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच चेहऱ्यांची चर्चा.

बऱ्याच वर्षांनी त्या वेळचा करार वाचायला मिळाला तेव्हा कळलं, की ते चेहरे आम्हाला दिसायलाच नको होते. एक उमेदवार बोलत असताना दुसऱ्याची प्रतिक्रिया दाखवायची नाही, असं करारात लिहिलेलं होतं. पण टीव्ही नेटवर्क्सनी त्यावर सही केली नव्हती, आणि त्यांनी तो सरळ धाब्यावर बसवला.

३२ पानांचा करार आहे तो. एखाद्याने वेळ काढून वाचावाच. पोडियमची उंची ५० इंच. दोन पोडियममधलं अंतर १० फूट. उमेदवारांनी येताना काही लिहून आणायचं नाही. कोरा कागद कुठला, पेन कुठलं, हे आधी दाखवून मंजूर करून घ्यायचं. उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचा नाही! सर्वसामान्य मतदार प्रश्न विचारतात त्या टाउन हॉल डिबेटमध्ये प्रश्न आधी लिहून मॉडरेटरकडे द्यायचे, आणि विचारताना कुणी लिहिलेलं सोडून वेगळंच बोलला तर त्याचा माइक बंद करायचा. १९७६ ला माइक चुकून बंद पडला होता. २००४ ला तो बंद करायची तरतूद झाली, आणि तीही उमेदवाराचा नव्हे, मतदाराचा.

आमच्या धंद्यात साधा संकेत आहे, ज्याने कोड लिहिला त्यानेच त्याच्या टेस्ट केसेस ठरवायच्या नाहीत. इथे पेपर, परीक्षक, वर्गातली बाकं, सगळं परीक्षार्थींनीच ठरवलेलं.

बरं, कमिशनच्या बाजूनेही बोलायला हवं. १९८८ पासून २०२० पर्यंत एकही निवडणूक डिबेटशिवाय गेली नाही, ते याच कमिशनमुळे. १९६० नंतरची १६ वर्षं आठवा म्हणजे याची किंमत कळेल. १९९२ साली रिचमंडला टाउन हॉल पद्धत पहिल्यांदा आली. एका बाईने विचारलं, देशाच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? बुश गोंधळले. त्याच डिबेटमध्ये घड्याळाकडे बघताना ते कॅमेऱ्यात सापडले. पत्रकाराने असा प्रश्न जन्मात विचारला नसता. म्हणजे चांगलं काही घडतच नव्हतं असं नाही.

पण कुंपण कुणासाठी घातलंय ते १९९६ ला दिसलं. १९९२ च्या डिबेटमध्ये तिसरे उमेदवार रॉस पेरो होते. डिबेट सुरू होण्याआधी चाचण्यांत ते १० टक्क्यांच्याही खाली होते, आणि मतं पडली जवळजवळ १९ टक्के. एवढं पाहिल्यावर १९९६ ला त्यांना बोलावलंच नाही. जिंकायची वास्तव शक्यता नाही, हे कारण. त्या वर्षी पेरोंना प्रचारासाठी सरकारी तिजोरीतून सुमारे २.९ कोटी डॉलर मिळाले होते! म्हणजे करदात्याने पैसे द्यायचे, पण करदात्याने त्यांना इतर दोघांच्या शेजारी उभं बघायचं नाही. पुढे २००० सालापासून पाच राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी १५ टक्के अशी पक्की अट आली. आकडा लीगचाच. लीगने तो अँडरसनना आत घ्यायला वापरला होता, कमिशनच्या हातात तो इतरांना बाहेर ठेवायला उपयोगी पडला. २००० साली राल्फ नेडर बोस्टनच्या डिबेटला नुसते प्रेक्षक म्हणून, बाजूच्या हॉलमध्ये बसून पडद्यावर बघायला, तिकीट घेऊन गेले, तर सुरक्षारक्षकांनी दारातूनच परत पाठवलं. त्यांनी खटला भरला आणि शेवटी माफी मिळवली.

आणि मग २०२०. क्लीव्हलंडची २९ सप्टेंबरची डिबेट ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगायला नको. ट्रम्प सतत मधे बोलत होते, बायडेन वैतागले, मॉडरेटर ख्रिस वॉलेस शाळामास्तरासारखे ओरडत होते. पुढे ट्रम्पना कोविड झाला, कमिशन म्हणालं दुसरी डिबेट ऑनलाइन घेऊ, ट्रम्प नाही म्हणाले, आणि १५ ऑक्टोबरच्या रात्री एकाच वेळी एक उमेदवार एनबीसीवर आणि दुसरा एबीसीवर असे दोन वेगळे कार्यक्रम झाले. रिमोट हातात घेऊन देशाने स्वतःच डिबेट करून घ्यायची! २२ ऑक्टोबरला नॅशव्हिलमध्ये पहिल्यांदा म्यूट बटण आलं. सगळे खूश, सुधारणा झाली.

माझं मत विचाराल तर म्यूट बटण म्हणजे सुधारणा नव्हे. २०२४ सालीच बघा. एप्रिल २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने कमिशनवर पक्षपाताचा आरोप करून एकमताने काडीमोड घेतला. मे २०२४ मध्ये बायडेन यांच्या बाजूनेही पत्र गेलं, आम्हालाही कमिशन नको. ३७ वर्षांपूर्वी दोन्ही पक्षांनी मिळून जन्माला घातलेलं मूल दोघांनीच टाकून दिलं. मग प्रचारयंत्रणांनी थेट वाहिन्यांशी बोलून ठरवलं. २७ जून, सीएनएनचा अटलांटातला स्टुडिओ, प्रेक्षक नाहीत, पाळी नसेल त्याचा माइक बंद. या अटी मुख्यतः बायडेन यांच्या माणसांना हव्या होत्या. त्या शांत, रिकाम्या स्टुडिओत ट्रम्प यांना मधे बोलता आलं नाही, आणि बायडेन यांचं अडखळणं लपवायला कुठलाच गोंगाट उरला नाही. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. सप्टेंबरच्या फिलाडेल्फियातल्या डिबेटसाठी कमला हॅरिस यांच्या माणसांना माइक सतत चालू हवे होते, ट्रम्प यांच्या माणसांना बंद. बटण तेच, बाजू उलट. नियम चांगला की वाईट हा प्रश्नच कुणी विचारत नव्हतं, आत्ता कुणाला फायद्याचा एवढंच.

म्हणून मला वाटतं, खरा प्रश्न माइकचा नाही, यजमानाचा आहे. तारीख, जागा, कुणाला बोलवायचं, प्रश्न कोण विचारणार, हे सगळं उमेदवार ठरण्याच्या आधी, ज्याचा त्यात फायदा-तोटा नाही अशा कुणीतरी ठरवलेलं हवं. यावर लगेच कुणीतरी म्हणेल, की उमेदवाराने यायलाच हवं अशी सक्ती कशी करणार? बोलायचं की नाही, हे त्याचं स्वातंत्र्य आहे. बरोबर. सक्ती नाही करता येत. पण पैसे देताना अट घालता येते. मी राहत होतो त्या न्यू जर्सीतच गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने प्रचारासाठी सरकारी पैसा घेतला तर त्याला डिबेटला यावंच लागतं. पलीकडे न्यूयॉर्क शहरातही तसंच आहे. नको असेल तर पैसे घेऊ नका.

राष्ट्राध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीत १९७६ पासून २००४ पर्यंत दोन्ही मोठ्या पक्षांचा प्रत्येक उमेदवार हा सरकारी पैसा घेत होता. एकूण एक. आठ निवडणुका ही दोरी संसदेच्या हातात होती. असे प्रस्ताव आलेही होते, पुढे सरकले नाहीत. सरकवणार कोण, तेच दोन पक्ष! २००८ साली ओबामांनी सरकारी पैसा नाकारला, कारण लोकांकडून त्याहून कितीतरी जास्त जमत होता, आणि पुढे सगळ्यांनीच तो रस्ता धरला. दोरी हातातून गेली.

आपल्याकडे बोलायचं तर इथपर्यंतसुद्धा गाडी आलेली नाही. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, आपल्या मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षं असलेले न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी दोघांनाही पत्र लिहून जाहीर चर्चेचं आमंत्रण दिलं होतं. तीन निवृत्त, आदरणीय माणसं, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत, म्हणजे यजमान अगदी लीगसारखे. राहुल गांधी हो म्हणाले. चर्चा झाली नाही. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन दिवस त्यावर वाद झाला, एवढंच काय ते.

जाता जाता कमिशनचं २०२४ चं वेळापत्रक शोधून काढलं. बाजूला पडायच्या आधी त्यांनी जागा आणि तारखा ठरवून ठेवल्या होत्या. १ ऑक्टोबरची राष्ट्राध्यक्षपदाची डिबेट व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला, व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटीत होणार होती. मूळ कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात अशी डिबेट होण्याची ती पहिलीच वेळ ठरली असती. त्या संध्याकाळी तिथे काही झालं नाही. त्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये सीबीएसच्या स्टुडिओत उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स आणि वॉल्झ यांची डिबेट झाली. त्यातही मधे एकदा वाद वाढला, दोघं एकदम बोलायला लागले, आणि सूत्रसंचालकांनी दोघांचेही माइक बंद केले. या वेळी आवाज परत यायला २७ मिनिटं लागली नाहीत.